नकाशा मातीला विचारून काढा

राज्य सरकारने ३ फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आणली. रोजगार हमीच्या कामांशी सांगड घालून शेतकऱ्याला गोठा, शेळ्यांचे शेड, कोंबड्यांचे शेड बांधून द्यायचे, असे तिचे स्वरूप. दोन ते सहा गुरांसाठी २६.९५ चौरस मीटरचा गोठा, लांबी ७.७० मीटर, रुंदी ३.५० मीटर, आणि योजना सुरू झाली तेव्हा त्यासाठी ७७,१८८ रुपये. गव्हाणीचे माप, मूत्र साठवण्याच्या टाक्याची क्षमता, पाण्याच्या टाकीची क्षमता, सारे त्या निर्णयात नेमके लिहिलेले आहे. ज्याच्या दावणीला दोन-तीनच जनावरे आहेत अशा शेतकऱ्याच्या डोक्यावरचा एक मोठा खर्च सरकारने उचलावा, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु या निर्णयात जनावरे मोजली आहेत, जमीन मोजलेली नाही. वेंगुर्ल्याच्या जांभ्यावर, मावळातल्या मुरमावर आणि दर्यापूरच्या खोल काळ्या मातीवर त्याच मापाचा गोठा त्याच पैशात उभा राहावा, अशी अपेक्षा आहे. ही गोष्ट एका योजनेपुरती नाही. गावातले स्मशानशेड, देवस्थानापुढचा पत्र्याचा सभामंडप, शाळेच्या आवारातले पोषण आहाराचे शेड, बाजार समितीतले लिलावाचे शेड, शेतकऱ्याने कर्ज काढून बांधलेले कापूस-सोयाबीन ठेवायचे गोदाम, ही सगळी बांधकामे आपल्याकडे ‘किरकोळ काम’ म्हणून गणली जातात. पूल, धरण, चार मजली इमारत यांना माती परीक्षण आणि संरचना अभियंता लागतो. शेडला वेल्डिंगवाला पुरतो, असा समज आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या बाबतीत हा समज नेमका उलटा आहे. इथे बांधकाम जितके हलके, तितकी त्याला जमिनीच्या आणि हवामानाच्या अभियांत्रिकीची गरज जास्त.

याचे कारण आपल्या पायाखालीच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जी माती तयार झाली, तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. या खनिजाच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि कण फुगतात, पाणी गेले की आकसतात. पूर्णेच्या खोऱ्यात ही माती कित्येक ठिकाणी अनेक मीटर खोल आहे. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलै-ऑगस्टात त्या भेगा मिटून जमीन वर उचलली जाते. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, मग आठ महिने जमीन वाळत राहते. म्हणजे दरवर्षी एकदा खाली आणि एकदा वर, असा हा हेलकावा आहे. तोही सगळीकडे सारखा नसतो. छताखालची मधली जमीन वर्षभर थोडीफार ओल धरून ठेवते आणि कडेची जमीन कोरडी पडते. शेजारी कडुनिंब किंवा बाभूळ असेल तर तिकडची ओल मुळे ओढून घेतात. पन्हाळ नसलेल्या पत्र्यावरून धो-धो पडणारे पाणी एकाच बाजूच्या खांबांच्या बुडाशी मुरते. मग एक खांब उचलला जातो, दुसरा बसतो, कैची तिरपी होते, पत्र्याची भोके ताणली जातात. भिंतीला कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग वऱ्हाडात इतकी सर्वत्र दिसते की लोकांनी ती घराचा भाग म्हणून स्वीकारली आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. फुगणारी काळी माती वरच्या दिशेने जो दाब देते तो चौरस मीटरला पाच टनांपासून वीस-पंचवीस टनांपर्यंत जाऊ शकतो. तीन-चार मजली इमारतीचे वजन त्या दाबाला बरेचसे थोपवून धरते. पत्र्याच्या शेडचे वजन किती? पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलो, कैच्या आणि खांब धरले तरी पायावर येणारा भार नगण्य. अशा पायाला माती सहज उचलते. ‘हलके बांधकाम आहे, त्याला कसला आलाय पाया’ हे वाक्य मुरमाड जमिनीवर खरे असेल. काळ्या मातीवर हलकेपणा हाच धोका आहे. जुन्या लोकांना याची जाण होती. मराठी मुलखात गाव वसले ते पांढरीवर आणि नांगर चालला तो काळीवर, ही विभागणी शेकडो वर्षे पाळली गेली. आज गावठाणे भरली, अमरावती-अकोल्याभोवती शेते अकृषक होऊन त्यांचे ले-आउट पडले, आणि शेतातला गोठा, शेतातले गोदाम हे तर काळ्या मातीवरच असणार. ज्या जमिनीवर बांधू नये असे पूर्वजांनी ठरवले होते तिथे आपल्याला आता बांधणे भाग आहे. मग त्या जमिनीचे नियम शिकूनच बांधावे लागेल.

हे नियम नवे नाहीत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काही दशकांपूर्वीच काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइलची पद्धत विकसित केली, आणि तिचे भारतीय मानकही, आयएस २९११ चा तिसरा भाग, कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. कल्पना सरळ आहे. हंगामानुसार ओल कमी-जास्त होते ती वरच्या साधारण साडेतीन मीटरच्या थरात. त्याच्या खालची माती जवळजवळ स्थिर असते. तेवढ्या खोलीपर्यंत वीत-सव्वावीत रुंदीचे भोक पाडायचे, तळाशी ते अडीचपट रुंद करायचे, सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचे. खालचा फुगीर भाग स्थिर मातीत अडकून बसतो आणि वरची माती कितीही हलली तरी खांब जागचा हलत नाही. हे काम हाताने फिरवायच्या ऑगरने होते, त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. पंचवीस सेंटीमीटर व्यासाच्या आणि साडेतीन मीटर खोलीच्या अशा एका पाइलला पाव घनमीटरहून कमी काँक्रीट लागते. सहा खांबांच्या गोठ्याचा हिशेब केला तर पायासाठी बारा पोत्यांच्या आसपास सिमेंट. दुसरा मार्ग मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा वर पोहोचत नाही, हे त्यांच्या संशोधनाने सिद्ध केले आणि कालव्यांच्या अस्तरीकरणात ती पद्धत रूढ झाली. शेडच्या जमिनीसाठी, कोब्यासाठी हाच उपाय योग्य आहे. मात्र त्यासाठी चिकट मुरूम हवा आणि तो थराथराने पाणी मारून दाबायला हवा. काळी माती काढून त्या खड्ड्यात वाळू किंवा सैल मुरूम ओतला तर भोवतीच्या मातीतून पाणी झिरपत नाही आणि खड्ड्यात साठून राहते. त्यापेक्षा मूळ जमीन बरी होती, असे म्हणण्याची वेळ येते. शासनाच्या निर्णयात शेळ्यांच्या शेडच्या तळाला मुरूम घालायला सांगितले आहे. तो कसला, किती जाडीचा आणि कसा दाबलेला, हे ठरले नाही तर त्या मुरमाचा उपयोग संपतो.

आता खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव ही नावे त्यातलीच. भूजल खारे, मातीत सोडियमचे प्रमाण जास्त, निचरा जवळपास नाही. पिण्याचे पाणी इथल्या कित्येक खेड्यांना सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून नळाने आणावे लागते. शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात खारपाणपट्ट्याविषयी खूप बोलले गेले, बांधकामाच्या संदर्भात मात्र फार थोडे. कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड गंजते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथला शहाणा माणूस जाड जस्ताचा पत्रा मागतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दर्यापुरात मीठ हवेतून येत नाही, ते बोअरमधून आणि जमिनीतून येते. परिणाम तोच. आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक सांगते की सळ्या असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. खारपाणातल्या बोअरचे पाणी तपासल्याशिवाय काँक्रीटमध्ये घालणे म्हणजे काँक्रीट ओतले त्या दिवसापासून सळ्यांना गंजायला लावणे. काँक्रीट ज्या पाण्याने भिजवून मुरवायचे तेही तेच पाणी असते. लोखंडी पाइप थेट जमिनीत गाडून भोवती गिट्टी-सिमेंट टाकले की जमिनीच्या पातळीवर तो सर्वांत आधी सडतो, कारण तिथे मीठ, ओल आणि हवा तिन्ही एकत्र येतात. गोठ्यात त्यात मूत्र आणि अमोनियाची भर पडते. उपाय अवघड नाहीत. लोखंडी खांब मातीला टेकता कामा नये, जमिनीच्या वर हातभर उंच काँक्रीटच्या ठोकळ्यावर बेस प्लेटने बसवावा. सळ्यांवरचे काँक्रीटचे आवरण जाड ठेवावे, भट्टीच्या राखेचे किंवा स्लॅगचे सिमेंट वापरावे, आणि पत्रा घेताना चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे ते पाहावे. बाजारात १२० ग्रॅमचा पत्राही मिळतो आणि २७५ ग्रॅमचाही. दोन्ही नवे असताना सारखेच चमकतात.

याच पट्ट्यात छताचा एक मोठा उपयोग आपण वाया घालवतो. पावणेसातशे-साडेसातशे मिलिमीटर पावसात २६.९५ चौरस मीटरच्या गोठ्यावर, गळती आणि बाष्पीभवन वजा जाता, चौदा-सोळा हजार लिटर गोडे पाणी मिळू शकते. जिथे जमिनीखाली खारे पाणी आहे तिथे हे पाणी खांबाच्या बुडाशी सोडून पाया बिघडवायचा की पन्हाळीने टाकीत घ्यायचे? पन्हाळ ही इथे शोभेची जोड नाही, ती पायाच्या संरक्षणाचा भाग आहे आणि जनावरांच्या पाण्याची सोयही. अंदाजपत्रकात पैसे कमी पडले की सर्वांत आधी पन्हाळ वगळली जाते, ही खारपाणातली सर्वांत महागडी बचत आहे.

उन्हाविषयी वऱ्हाडला कोणी शिकवण्याची गरज नाही. मे २०२० मध्ये अकोल्याने ४७ अंश ओलांडले, आणि पंचेचाळीसच्या वर पारा जाणे इथे नवलाचे नाही. पण त्या उन्हाखाली जो पत्रा तापतो तो हवेच्या कितीतरी पुढे जातो, दुपारी त्याचे तापमान साठ अंशांवर सहज पोहोचते. उघड्या जस्ताच्या पत्र्याचा एक गुणधर्म फारसा लक्षात घेतला जात नाही. तो ऊन बऱ्यापैकी परावर्तित करतो, पण शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात अत्यंत मंद असतो, आणि गंजत-मळत गेला की परावर्तनही घटते. पांढरा चुना किंवा पांढरा परावर्तक रंग दोन्ही कामे करतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मालाट कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. अशा स्थितीत आपल्या शासन निर्णयात दहा शेळ्यांच्या शेडच्या भिंतींची सरासरी उंची २.२० मीटर धरली आहे आणि छताला जस्ताचे किंवा सिमेंटचे पत्रे सांगितले आहेत. महाबळेश्वरच्या पावसात ठेंगणे शेड शहाणपणाचे ठरेल. अकोल्याच्या मे महिन्यात २.२० मीटरवरचा पत्रा शेळीच्या अंगावर दिवसभर धग सोडतो. उंची वाढवावी, कण्यापाशी गरम हवा निघायला वाट ठेवावी, लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी येते, दक्षिणेचे आणि पश्चिमेचे छज्जे लांब काढावेत, वर पांढरा रंग द्यावा. यातले शेवटचे सोडले तर बाकीचे सगळे नकाशावर पेन्सिलीने ठरते, त्याला वेगळा पैसा फारच थोडा लागतो. पूर्वीच्या कोठ्यावर गवताचे छप्पर होते, भिंतींना पऱ्हाट्या-तुराट्यांचे कूड होते. त्यातून हवा खेळत होती आणि छप्पर उष्णता अडवत होते. आगीचे भय होते, दरवर्षी शाकारणी होती, म्हणून माणूस पत्र्याकडे गेला आणि ते योग्यच झाले. चूक एवढीच झाली की छताचे साहित्य बदलले आणि छताची उंची, दिशा, वायुवीजन यांचा विचार जुन्या छपराबरोबर निघून गेला.

तापणे आणि थंड होणे याचा परिणाम जोडांवरही होतो. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि मेमध्ये पत्रा साठ-पासष्टवर चढतो. सहा मीटरच्या पत्र्याची लांबी या फरकाने जवळपास चार मिलिमीटर बदलते. वर्षानुवर्षे हे होत राहिले की हुकांची भोके लांबट होतात, रबरी वायसर कडक होऊन तडकतात, पत्रा सैल होतो. आणि मग वादळ येते.

वाऱ्याचा धोका किनाऱ्याचा, आपल्याला त्याचे काय, हा आणखी एक गैरसमज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा कोकणातले उडालेले पत्रे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पण वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, उघडून पाहावे. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे आणि समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नागपूरसाठीही ४४ मीटरच. पुण्यासाठी तो ३९ आहे. विदर्भात हा वेग चक्रीवादळाने येत नाही, एप्रिल-मे-जूनच्या गडगडाटी वादळांनी येतो. ती येतात थोड्याच मिनिटांसाठी, तेवढ्यात काम करून जातात. ३९ मीटरचा कमी आकडा धरला तरी दाब चौरस मीटरला साधारण ९० किलो निघतो. कमी उंची वगैरे सवलती दिल्या तरी साठ-सत्तर किलो उरतातच. पत्र्याचे वजन चार-पाच किलो. त्यातही तीन बाजूंना भिंत आणि एक बाजू उघडी अशी आपल्या गोठ्याची नेहमीची रचना असेल तर उघड्या बाजूने शिरलेला वारा आतून वर ढकलतो आणि वरून जाणारा वारा पत्रा ओढतो. सत्तावीस चौरस मीटरच्या छतावर दीड टनाहून अधिक भार वरच्या दिशेने येऊ शकतो. सहा खांबांत तो वाटला तर प्रत्येकी अडीचशे किलो. दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचा काँक्रीटचा ठोकळा जेमतेम सव्वादोनशे किलोचा असतो.

माती आणि वारा यांचा संबंध इथे येतो आणि वऱ्हाडचे प्रकरण इतर मुलखांहून वेगळे होते. वादळे येतात ती जमीन सर्वांत जास्त वाळलेली असते त्याच आठवड्यांत. त्या वेळी काळी माती आकसून पायाच्या ठोकळ्यापासून सुटलेली असते, भोवती फट पडलेली असते. बाजूची माती ठोकळ्याला जे धरून ठेवते ते घर्षण नेमके तेव्हाच नसते. मुरमाड जमिनीत तोच ठोकळा तगेल, काळ्या मातीत तो दात हलल्यासारखा हलतो. अंडर-रीम्ड पाइलचा तळाचा फुगीर भाग फुगवट्याला अडवतो तसाच या उचलीलाही अडवतो. एकाच खर्चात दोन्ही संकटांवर उपाय मिळतो, हे या भागासाठी फार महत्त्वाचे आहे.

शेड कुठे बांधायचे हाही अभियांत्रिकीचाच प्रश्न आहे, आणि अकोला जिल्ह्याला त्याची वेदनादायक आठवण आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी बाळापूर तालुक्यातल्या पारस इथे बाबूजी महाराज संस्थानाच्या आवारात वादळी पावसात कडुनिंबाचे जुने प्रचंड झाड पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि सात भाविकांचा जीव गेला. एवढे झाड कोणतेही साधे शेड पेलू शकले नसते, त्यामुळे त्या पत्र्यांना किंवा खांबांना दोष देण्यात अर्थ नाही. पण वादळात लोक जिथे धावत जातात ते शेडच असते. म्हणून मोठ्या झाडाच्या पडण्याच्या अंतरात शेड नसावे, असलेच तर झाडाची तपासणी पावसाळ्यापूर्वी व्हावी, हे प्रत्येक सार्वजनिक शेडच्या मंजुरीत लिहिलेले असायला हवे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो, आणि तो खरा आहे. सत्त्याहत्तर हजारांत पाइल, जाड जस्त, पन्हाळ हे सगळे बसणार नाही. पण खर्च कशाचा मोजायचा? दर दोन-चार वर्षांनी उडालेले पत्रे, वाकलेली कैची, फुटलेली भिंत दुरुस्त करण्याचा खर्च शेतकरी करतो, तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. शिवाय खर्च वाढवल्याशिवाय होण्यासारखे बरेच आहे: दिशा, उंची, छज्जे, झाडापासूनचे अंतर, लोखंड मातीपासून वर ठेवणे. जे उरते त्यासाठी सरकारने वेगळी मर्यादा द्यावी. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगरी-दुर्गम प्रदेशात १ लाख ३० हजार असा फरक मान्य झाला, त्याच योजनेत प्रदेशानुसार घरांचे वेगवेगळे नमुनेही तयार झाले. शाळांचे पाहा. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भात जूनच्या अखेरीस, कारण इथले ऊन वेगळे आहे हे सरकारला मान्य आहे. जे वेळापत्रकाला मान्य आहे ते नकाशाला का असू नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकच माप, एकच रक्कम असली की तपासणी सोपी असते, गैरव्यवहाराला वाव कमी राहतो. प्रत्येक गावाचा वेगळा नकाशा म्हटले की टक्केवारी सुरू होईल, अशी भीती अधिकाऱ्यांनाही वाटते आणि लोकांनाही. ती रास्त आहे, म्हणून प्रत्येक शेडला स्वतंत्र नकाशा असावा असे मी म्हणत नाही. चार-पाच ठरीव नकाशे पुरतील. मेळघाटाच्या उतारावरची उथळ जमीन, परतवाडा-अचलपूरकडचा सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा गाळ, मध्यम खोलीची काळी, खोल काळी, आणि खारपाण. प्रत्येकाचे अंदाजपत्रक जाहीर आणि ठरलेले असावे. कोणते गाव कशात मोडते याची यादी आधीच लावावी. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय आहे, त्यांच्याकडे मातीचे नकाशे आहेत. २०१५ पासून देण्यात येणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेवर सामू आणि क्षारता छापलेली असते. तीच संख्या पाहून पत्र्याचे जस्त आणि सिमेंटचा प्रकार ठरवता येतो, नव्या तपासणीची गरजच नाही. फुगवट्याची चाचणीही अगदी साधी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन मापनळ्यांत टाकायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीची पातळी पाहायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, फरक डोळ्यांना दिसतो. तालुक्याच्या ठिकाणची कोणतीही तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा, इतकेच काय कनिष्ठ महाविद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळासुद्धा ती करू शकेल.

अभियंते कुठून आणायचे, असेही विचारले जाते. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे आणि त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बडनेऱ्याला, शेगावला खासगी महाविद्यालये आहेत. राज्याच्या कृषी पणन मंडळाने कांदाचाळीचा नकाशा दिला, त्यात खालून हवा खेळावी म्हणून जमीन उचलून घेतली. एका पिकाच्या गरजेतून बांधकामाचा आकार ठरू शकतो हे त्यातून दिसले. नाशिकच्या कांद्याला जे मिळाले ते वऱ्हाडच्या कापसाला आणि गुरांना मिळावे. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीजवळच्या नांदगावपेठच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. तिथे हजार एकरांवर कारखान्यांची जी मोठमोठी शेड उभी राहतील त्यांचे माती परीक्षण होईल, वाऱ्याचा भार मोजला जाईल, कारण तिथे विमा कंपनी आणि बँक ते मागतात. त्या कारखान्याला कापूस पुरवणाऱ्या शेतकऱ्याच्या गोदामासाठी ते कोणी मागत नाही, म्हणून ते सरकारने मागायला हवे.

राहता राहिली वेळेची गोष्ट, आणि ती बिनखर्चाची आहे. निधी मार्चअखेर सुटतो, म्हणून खड्डे एप्रिल-मेमध्ये खणले जातात, म्हणजे माती सर्वांत कोरडी आणि सर्वांत आकसलेली असताना. त्या मातीत ओतलेल्या पायाला येणाऱ्या पहिल्याच पावसाळ्यात पूर्ण फुगवटा सोसावा लागतो, काँक्रीट मुरवायला पाणीही त्याच टंचाईच्या दिवसांत शोधावे लागते आणि खारपाणात ते हमखास बोअरचे असते. नोव्हेंबर-डिसेंबरात मातीत मध्यम ओल असते, भोक पाडणे सोपे जाते, गोडे पाणी मिळते, रोजगार हमीवर माणसेही मिळतात. गोठे आणि शेडच्या मंजुऱ्या अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्हा परिषदांनी दसऱ्यापर्यंत हातात द्याव्यात, पाया पौषाच्या आत ओतून व्हावा आणि वळवाच्या पहिल्या वादळापूर्वी पत्रा कसला गेलेला असावा. याला शासन निर्णयाची वाट पाहण्याचीही गरज नाही.